मराठीचं कौतुक करणारे फादर स्टीफन्स गोव्यात पोचले, त्याआधी २०३ दिवस समुद्रावर होते. त्या जहाजावर नेमकं काय घडलं?

२७ फेब्रुवारी जवळ आली की व्हॉट्सअॅपवर काही पोस्ट हमखास फिरतात. मराठी भाषा गौरव दिनाच्या त्या पोस्टमध्ये एका गोऱ्या पाद्र्याचं नाव असतंच. फादर थॉमस स्टीफन्स. माणूस इंग्लंडचा, पण ओव्या लिहिल्या मराठीत. आणि मराठी ही सगळ्या भाषांमध्ये कशी उठून दिसते, हे रत्नांच्या आणि फुलांच्या उपमा देऊन सांगितलं.

आपण पोस्ट लाईक करतो, फॉरवर्ड करतो आणि पुढे जातो.

पण हा माणूस इथे आला कसा? विमान नव्हतं, आगबोट नव्हती, सुएझचा कालवा नव्हता. आफ्रिकेला अख्खा वळसा घालून, शिडाच्या जहाजातून, तब्बल २०३ दिवसांनी तो गोव्याला पोचला. वाटेत त्याच्या जहाजावर दीडशेहून जास्त माणसं आजारी पडली. सत्तावीस जण मेले.

हे सगळं आपल्याला कळतं ते एका पत्रामुळे. गोव्यात उतरल्यावर अडीच आठवड्यांनी त्याने लंडनमधल्या आपल्या वडिलांना सविस्तर पत्र लिहिलं. त्या काळातल्या समुद्रप्रवासाचं इतकं बारीक वर्णन फार कमी लोकांनी करून ठेवलंय.

नोकराच्या वेशात फिरणारा थॉमस

थॉमस स्टीफन्सचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यातला. वडील लंडनमध्ये व्यापार करायचे.

तेव्हा इंग्लंडच्या गादीवर राणी एलिझाबेथ होती. देश प्रोटेस्टंट झाला होता आणि कॅथलिक असणं धोक्याचं होतं. थॉमसचा एक मित्र होता, थॉमस पाउंड. घरचा श्रीमंत, राणीच्या दरबारात वावरलेला, पण मनाने कट्टर कॅथलिक. दोघांनी ठरवलं की रोमला जायचं आणि जेझुइट, म्हणजे येशूसंघाचे पाद्री व्हायचं. थॉमस पाउंडचा नोकर बनून त्याच्याबरोबर फिरत होता.

पण निघण्याआधीच पाउंडला अटक झाली. त्याच्या आयुष्याची पुढची तीसेक वर्षं वेगवेगळ्या तुरुंगांत गेली. थॉमस मात्र निसटला. १५७५ मध्ये तो रोमला येशूसंघात दाखल झाला. तिथे शिकला आणि मग त्याने हिंदुस्थानात जायचं ठरवलं.

हिंदुस्थानात समुद्राने जायचं तर रस्ता एकच होता, पोर्तुगालची राजधानी लिस्बन. तिथून वर्षातून एकदा गोव्याला जहाजांचा तांडा सुटायचा.

एप्रिलच का? उत्तर आपल्या पावसात आहे

१५७९ च्या मार्चअखेरीस थॉमस लिस्बनला पोचला. ४ एप्रिलला पाच जहाजं गोव्याकडे निघाली. तोफा झाडल्या गेल्या, कर्णे वाजले. जहाजांवर खलाशी आणि सैनिक तर होतेच, शिवाय बरीच लहान मुलं होती, बायकाही होत्या. समुद्र मोठ्या पुरुषांपेक्षा मुलांना जास्त मानवतो, असं निरीक्षण थॉमसने नोंदवलंय.

आता निघायची ही वेळ काही मुहूर्त बघून ठरलेली नव्हती.

हा लेख कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीत लिहिला जातोय. जूनमध्ये भुदरगडच्या डोंगरांवर जो पाऊस कोसळतो आणि वेदगंगा दुथडी भरते, तो पाऊस नैऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्यावर बसून येतो. हाच वारा शिडाच्या जहाजाला आफ्रिकेकडून हिंदुस्थानकडे ढकलायचा. मार्च-एप्रिलमध्ये लिस्बन सोडलं, जुलैपर्यंत आफ्रिकेचं टोक ओलांडलं, तर हा वारा मिळायचा आणि सप्टेंबरपर्यंत जहाज गोव्याला लागायचं.

उशीर झाला की वारा उलटा फिरायचा. आपल्याकडे पाऊस ओसरतो आणि थंडीची चाहूल लागते, तेव्हा समुद्रावर ईशान्येकडून वारा सुरू होतो. म्हणजे थेट तोंडावर. मग जहाज अडकलंच म्हणून समजा.

थॉमसच्या जहाजाला उशीर झाला. आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

जहाजावरचा दिवस कसा जायचा?

गोव्याला येणारी पोर्तुगीज जहाजं म्हणजे लाकडाची तरंगती गावं. एका जहाजावर शेकडो माणसं. खाली माल, पाण्याचे पिंप, दारूगोळा आणि त्या गर्दीतच माणसांची पथारी.

जेवणाचं काय? थॉमसनंतर चारच वर्षांनी यान हाउखेन फान लिन्सकोटेन नावाचा एक डच तरुण याच मार्गाने गोव्याला आला. त्याने जहाजावरच्या शिध्याचा हिशोब लिहून ठेवलाय. माणशी रोज पावणेदोन पौंड, म्हणजे पाऊण किलोच्या आसपास, कडक बिस्किट. एक मोठा पेला पाणी. त्याच्या निम्मी वाइन. महिन्याला ३२ पौंड खारवलेलं मांस. थोडे सुके मासे. कांदा-लसूण सुरुवातीलाच संपवून टाकायचे. साखर, मध, मनुका, तांदूळ अशा गोष्टी आजाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या.

आणि हा शिधा मिळाला तरी रांधायचं ज्याचं त्यानेच. लाकडी जहाजावर चूल म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून वाळू भरलेल्या पेटीत विस्तव करायचे. वारा वाढला की विस्तव विझवायचा. त्या दिवशी कोरडं बिस्किट चावायचं.

वेळ कळायची ती वाळूच्या घड्याळावर. अर्ध्या तासाने वाळू संपली की घड्याळ उलटं करायचं. त्या हिशोबाने खलाशांच्या पाळ्या बदलायच्या. दुपारी सूर्य डोक्यावर आला की जहाजाचा वाटाड्या, म्हणजे पायलट, ॲस्ट्रोलेब नावाचं पितळी उपकरण हातात धरून सूर्याची उंची मोजायचा. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना. जहाजावर जेझुइट असले तर आजाऱ्यांची शुश्रूषा बहुतेक त्यांच्याकडेच असायची.

हे सगळं रोज. दोन दिवस नाही, दोन आठवडे नाही, सहा-सात महिने.

आपल्याच देशाच्या जहाजाने गोळे झाडले

निघाल्यानंतर सहाव्या दिवशी, मदेइराजवळच्या पोर्तो सांतो बेटापाशी, एक मोठं जहाज अंगावर आलं. थॉमसचं जहाज तोवर बाकीच्या चार जहाजांपासून वेगळं पडलं होतं.

समोरचं जहाज कुणाचं? इंग्रजांचं. त्याने थोडे गोळे झाडले. पोर्तुगीजांनी आपल्या मोठ्या तोफा पुढे काढताच ते आलं तसं निघून गेलं. नुकसान काही झालं नाही. पण इतकं देखणं जहाज लुटालूट करत फिरतंय, याचं थॉमसला वाईट वाटलं. त्याचाच देश, त्याचीच माणसं.

पुढे कॅनरी बेटांपाशी उलट्या वाऱ्यामुळे चार दिवस तिथल्या तिथेच घिरट्या. या काळात एकच करमणूक, तेनेरिफ बेटावरचा उंच डोंगर बघत बसायचं. हवा इतकी खराब की या वर्षी आफ्रिकेचं टोक ओलांडता येईल, ही आशाच लोकांनी सोडली होती.

वारा पडला, पाण्यात अळ्या पडल्या

शिडाच्या जहाजाला वादळाची भीती असते, हे आपल्याला सिनेमांमुळे माहीत आहे. पण खलाशी त्याहून जास्त भ्यायचे ते वारा पडण्याला.

आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्याजवळ, विषुववृत्ताच्या थोडं वर, असा पट्टा आहे. उकाडा, ढग, गडगडाट आणि वारा मात्र नाही. जहाज कधी दिवसचे दिवस जागेवर उभं. कधी चाललंच तर न चालल्यासारखं. तिथे थॉमसच्या जहाजाने जवळजवळ महिना काढला.

पाऊस पडायचा, पण त्याचाही उपयोग नाही. साठवलेल्या पाण्यात थोड्याच वेळात अळ्या. टांगून ठेवलेल्या मांसावर ते पाणी पडलं की त्यातही अळ्या.

याच भागात त्याला पाण्यावर तरंगणारी एक विचित्र गोष्ट दिसायची. कोंबड्याच्या तुऱ्यासारखी, सुंदर रंगाची, खाली लांब दोरे सोडलेली. हात लावला तर जिवावर बेतेल इतकी विषारी. पावसाळ्यात मुंबईच्या जुहू चौपाटीवर ब्लू बॉटल वाहून आल्या, अशा बातम्या येतात ना? वर्णन त्याच जातीच्या प्राण्याला जुळतं.

३० मे रोजी जहाजाने विषुववृत्त ओलांडलं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आपण नक्की आहोत कुठे?

आज फोनवर एक निळा ठिपका दिसतो आणि आपण कुठे आहोत ते कळतं. तेव्हा काय करायचे?

उत्तर-दक्षिण प्रश्न सोपा होता. सूर्याची उंची मोजली की अक्षांश कळायचा. पण पूर्व-पश्चिम, म्हणजे रेखांश, मोजायला काहीच साधन नव्हतं. त्यासाठी समुद्रात अचूक चालणारं घड्याळ लागतं आणि ते बनायला पुढची दीड-पावणेदोनशे वर्षं जावी लागली.

मग पायलट काय करायचे, हे थॉमसने वडिलांना नीट समजावून सांगितलंय. आधी या वाटेने गेलेल्या लोकांनी जे जे पाहिलं ते सगळं वह्यांमध्ये लिहून ठेवलेलं असायचं. कुठे कोणता पक्षी दिसतो, कुठे पाण्याचा रंग बदलतो, कुठे कोणतं गवत तरंगतं. पायलट ती वही उघडून बसायचा आणि आकाशाकडे बघायचा.

दुसरी युक्ती होकायंत्राची. होकायंत्राची सुई सगळीकडे बरोबर उत्तर दाखवत नाही, ती थोडी सरकते. किती सरकते यावरून आपण कुठे आहोत याचा अंदाज बांधायचा. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ ती तेव्हा पुन्हा बरोबर उत्तर दाखवायची. म्हणून पोर्तुगीजांनी त्या जागेचं नाव ठेवलं काबो दास अगुल्यास. अर्थ, सुयांचं टोक. नकाशावर ते नाव आजही आहे.

टोक जवळ येऊ लागलं तसे पक्षी वाढले. एके दिवशी तर अंदाजे तीन हजार पक्षी जहाजामागे. खलाशांनी त्यांना एकेक नावं ठेवली होती. कुणी लव्हाळ्यासारख्या शेपटीचे, कुणी कात्रीसारख्या शेपटीचे, कुणी मखमली बाह्यांचे. मखमली बाह्यांचा पक्षी दिसला की खलाशी खूश व्हायचे, कारण तो टोकाच्या अगदी जवळच दिसतो.

थॉमस उडणारे माशांचे थवेही बघत बसायचा. पाण्यात त्यांच्यामागे मोठे मासे, आपल्याकडच्या कुप्याच्या जातीचे. जीव वाचवायला हवेत उडी मारली की वर पक्षी टपलेला. खालीही मरण आणि वरही.

२९ जुलै १५७९

या टोकाला सगळे घाबरायचे ते वादळांमुळे. त्या दिवशी वादळ नव्हतं. फक्त लाटा प्रचंड होत्या.

चूक पायलटची झाली. एरवी जहाजं इथे जमीन दिसेल इतकी जवळ जातच नाहीत. वारा आपल्या बाजूने आहे असं समजून त्याने जहाज किनाऱ्याच्या फार जवळ नेलं. तेवढ्यात वारा फिरला आणि दक्षिणेकडून वाहू लागला. लाटांनी जहाज जमिनीकडे ढकलायला सुरुवात केली.

खोली मोजली तर १४ वावांपेक्षा कमी. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारं अंतर, साधारण सहा फूट. टोक फक्त सहा मैलांवर. खाली धारदार खडक. नांगर टाकले, पण धरले नाहीत, उलट गमावले गेले.

किनाऱ्याला लागलो तरी तिथे वाघ आहेत आणि परक्यांना मारून टाकणारी माणसं आहेत, असं जहाजावर सगळे धरून चालले होते. खरं तर आफ्रिकेत वाघ नसतातच. आणि तिथे राहणारे खोईखोई लोक गुरं पाळणारे होते. पण भीतीला भूगोल कुठे कळतो?

शेवटचा उपाय म्हणून शिडं चढवली. फुटायचंच असेल तर निदान बऱ्या जागी फुटावं, एवढाच हेतू. आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना जमिनीकडून वारा आला, शिडं भरली आणि जहाज खोल समुद्रात निघालं.

दुसऱ्या दिवशी काय केलं माहितीये? सगळे मासे धरत बसले. इतके मासे मिळाले की अख्ख्या जहाजाचं दीड दिवसाचं जेवण झालं. एकाच्या गळाला तर मोठं थोरलं पोवळं लागलं.

सत्तावीस माणसं

टोक ओलांडल्यावर हिंदुस्थानकडे यायला दोन रस्ते होते.

पहिला मादागास्कर बेटाच्या आतून. यात मोझांबिकला थांबता यायचं. ताजं पाणी, फळं, महिनाभर विश्रांती. दुसरा बेटाच्या बाहेरून. यात एकही बंदर नाही. उशीर झालेल्या जहाजांना हाच रस्ता घ्यावा लागायचा.

थॉमसच्या जहाजाला दुसरा घ्यावा लागला.

मग सुरू झाला तो आजार. हिरड्या सुजून इतक्या वाढायच्या की कापून टाकाव्या लागायच्या. पाय सुजायचे. अंग दुखून असं जड व्हायचं की हात-पाय हलवता यायचे नाहीत. माणूस अशक्त होत होत मरायचा. कुणाला जुलाब, कुणाला ताप.

हा आजार म्हणजे स्कर्व्ही. कारण साधं, क जीवनसत्त्व मिळत नाही. महिनोन्‌महिने ताजी भाजी नाही, फळ नाही, फक्त बिस्किट आणि खारं मांस. आपल्या परसातलं लिंबू किंवा आवळा मिळाला असता तर ही माणसं वाचली असती. लिंबावर्गातल्या फळांनी हा आजार बरा होतो, हे ब्रिटिश आरमारातला डॉक्टर जेम्स लिंड याने प्रयोग करून दाखवलं, पण ते १७४७ मध्ये. म्हणजे आणखी १६८ वर्षांनी.

दीडशेहून जास्त आजारी. २७ मृत्यू. आणि जहाजावरच्या जुन्या लोकांचं मत काय, तर इतर वर्षांच्या मानाने हे काहीच नाही. त्या २७ जणांची नावं पत्रात नाहीत. त्यांना समुद्रातच सोडलं गेलं आणि जहाज पुढे निघालं.

थॉमस मात्र एक दिवसही आजारी पडला नाही. हा तग धरणार नाही, असं वाटणाऱ्या अनेकांना त्याचं आश्चर्य वाटलं.

चुकलेली वाट आणि पाण्यावरचे साप

विषुववृत्त पुन्हा ओलांडलं, आता उत्तरेकडे. उकडल्यासारखे लालभडक खेकडे पाण्यावर तरंगताना दिसले. पुढे दहा हजारांच्या आसपास मासे कितीतरी दिवस जहाजाभोवती फिरत राहिले. जहाजावर आता मांस नव्हतं, दुसरंही जवळपास काही उरलं नव्हतं. पंधरा दिवस सगळ्यांनी फक्त मासे खाल्ले.

एक दिवस ससाण्याच्या जातीचे दोन पक्षी हाती लागले. आनंदीआनंद! हिंदुस्थानचे पक्षी, म्हणजे पोचलोच. पण ते निघाले अरबस्तानचे. जहाज होतं सोकोत्राजवळ, तांबड्या समुद्राच्या तोंडाशी. प्रवाहाने नकळत पश्चिमेकडे ओढत नेलं होतं.

इथे वाचवलं ते ईशान्येच्या वाऱ्याने. पावसाळा संपून वारा फिरला होता. खलाशी नाइलाजाने पूर्वेकडे वळले आणि तीच वाट बरोबर निघाली. प्रवाह कुठे ओढतोय हे तपासायची तसदीही न घेणाऱ्या पायलटांवर थॉमसने पत्रात चांगलीच टीका केलीये.

मग एकेक खुणा दिसू लागल्या. आधी खरोखरचे हिंदुस्थानी पक्षी. मग माडाच्या झावळ्या. मग पाण्यावर पोहणारे साप आणि नाण्यासारखी गोल, नक्षीदार चकती. साप आणि चकती दिसली की दुसऱ्या दिवशी जमीन, हा पायलटांचा पक्का नियम.

नियम खरा ठरला. पिण्याचं पाणी संपत आलेलं असताना जमीन दिसली. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी जहाज गोव्याला लागलं.

जहाजावर लागलेली सवय

१० नोव्हेंबरला थॉमसने वडिलांना पत्र लिहिलं. रिचर्ड हॅक्लूट या इंग्रज संपादकाने ते १५८९ मध्ये आपल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापलं. इंग्लंडमध्ये पूर्वेकडच्या सागरी वाटेबद्दल जी उत्सुकता वाढत होती, तिला अशा मजकुराने खतपाणी मिळालं. १६०० मध्ये ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली.

थॉमस मात्र परत कधीच गेला नाही. १५८० मध्ये त्याला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली आणि तो फादर स्टीफन्स झाला. भारतात स्थायिक झालेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं त्यांनी मुख्यतः दक्षिण गोव्यातल्या साष्टीत काढली.

जहाजावर त्यांनी जे केलं, तेच त्यांनी इथे भाषेच्या बाबतीत केलं. आधी बघायचं, ऐकायचं, मग नोंद करायची आणि त्यामागचा नियम शोधायचा. १५८३ मध्येच भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनसारखी असल्याचं नोंदवलं. विल्यम जोन्सने हीच गोष्ट जगाला सांगून नाव कमावलं, ते दोनशे वर्षांनी.

त्याच वर्षी राल्फ फिच आणि जॉन न्यूबेरी या इंग्रज व्यापाऱ्यांना पोर्तुगीजांनी पकडून गोव्याच्या तुरुंगात टाकलं. त्यांना जामिनावर सोडवायला फादर स्टीफन्सच धावून गेले. धर्म वेगळा झाला तरी गाववाला तो गाववाला.

पण गोष्टीला दुसरी बाजू आहे

व्हॉट्सअॅप पोस्टमध्ये जी येत नाही, ती बाजूही सांगायला हवी.

फादर स्टीफन्स ज्या जहाजातून आले त्यावर सैनिकही होते आणि पाद्रीही. दोघांनाही पोर्तुगालच्या राजाचंच पाठबळ होतं. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं होतं. त्याच दशकात साष्टीतली शेकडो देवळं पाडली गेली. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार मारलं. बदला म्हणून पोर्तुगीजांनी गावच्या म्होरक्यांना बोलणी करायला बोलावलं आणि संपवलं. फादर स्टीफन्स हे सगळं घडत असताना तिथेच काम करत होते.

त्यांच्या ग्रंथातही याचा मागमूस लागतो. जुनी पुराणं वाचायची नाहीत, तर मग आम्ही वाचायचं तरी काय, असा प्रश्न त्यातलाच एक श्रोता पाद्र्याला विचारतो.

त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे क्रिस्तपुराण. बायबलमधली कथा, जवळपास अकरा हजार ओव्यांमध्ये. साचा आपल्या पुराणांचा, छंद ज्ञानेश्वर-एकनाथांचा. भाषा मराठी, आणि साष्टीतल्या लोकांना कळावी म्हणून त्यात स्थानिक कोकणी शब्द मिसळलेले.

हा ग्रंथ देवनागरीत छापावा, अशी त्यांची फार इच्छा होती. १६०८ मध्ये त्यांनी रोमला तसं कळवलंही. पण अडचण मोठी होती. युरोपातल्या लिपीला चोवीस खिळे पुरतात, इथल्या लिपीला सहाशे लागतील. जमलं नाही. शेवटी १६१६ मध्ये रायतूरला क्रिस्तपुराण छापलं गेलं ते रोमन लिपीत. तेव्हा देहूत तुकोबा आठ वर्षांचे होते.

१६१९ मध्ये फादर स्टीफन्स गेले. त्यांनी लिहिलेलं कोकणीचं व्याकरण १६४० मध्ये छापून आलं. भारतीय भाषेचं छापलेलं पहिलं व्याकरण म्हणून ते ओळखलं जातं.

मग ते पुस्तक आपल्यापर्यंत आलं कसं?

क्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या. आज त्यातल्या एकाही आवृत्तीची एकही प्रत उपलब्ध नाही. त्यातच १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने फर्मान काढलं की तीन वर्षांत इथल्या लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायचं. ज्या राजवटीच्या जहाजातून येऊन एका पाद्र्याने इथली भाषा शिकली, त्याच राजवटीने ती भाषा मोडायला काढली.

क्रिस्तपुराण टिकलं ते साध्या लोकांमुळे. गोव्यातून मंगळूरकडे स्थलांतर केलेली ख्रिस्ती कुटुंबं ते हाताने उतरवून घेत राहिली, घराघरांत गात राहिली. त्या हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापलं. देवनागरी लिपीतली छापील आवृत्ती यायला १९५६ साल उजाडलं. म्हणजे फादर स्टीफन्स यांची इच्छा पुरी व्हायला जवळपास साडेतीनशे वर्षं लागली.

गारगोटीहून आज आजरा, आंबोली, सावंतवाडी करत निघालं की चार-पाच तासांत गोवा येतं. मडगावजवळ रायतूर आहे. जिथे क्रिस्तपुराण छापलं गेलं, तिथली जेझुइटांची जुनी वास्तू आजही उभी आहे.

पुढच्या २७ फेब्रुवारीला फादर स्टीफन्सची पोस्ट आली की जरूर फॉरवर्ड करा. फक्त त्यासोबत ते २०३ दिवस, ती नाव नसलेली २७ माणसं आणि हाताने ओव्या उतरवून ठेवणारी ती मंगळूरची घरं, यांचीही आठवण ठेवा.